वही, चार रविवार आणि वाटाण्याचं रोप: स्वतःची वाट शोधायला कुठून सुरुवात करावी

नोकरीला कंटाळलेल्या नाशिककराला साधारण तीन स्वप्नं पडतात. मिसळीचं हॉटेल काढायचं, त्र्यंबक रोडला जागा घेऊन कृषी पर्यटन सुरू करायचं, नाहीतर सरळ पुणं गाठायचं. मला पहिलं पडलं होतं. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात अकरा वर्षं काढल्यावर झाडाखालची टेबलं, झोके, चुलीवरचा रस्सा असं सगळं मी डोळ्यांपुढे मांडून ठेवलं होतं. हॉटेलचं नावसुद्धा ठरलं होतं. ते सांगत नाही, अजून लाज वाटते.

'स्वतःला ओळखा', 'मनाचं ऐका' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण त्यासाठी सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. मन तर तासातासाला वेगळं बोलतं. पगार झाला की एक, साहेब ओरडला की दुसरं. मी बराच काळ रामकुंडाच्या पायऱ्यांवर आणि गोदापार्कात बसून चिंतन केलं. त्यातून फक्त चहाचा खर्च वाढला. मला जे थोडंफार कळलं ते हातात काम घेतल्यावर आणि ते वहीत लिहून ठेवल्यावर. म्हणून इथे सांगतोय ती रीत नोंदींची आणि छोट्या चाचण्यांची आहे. अवधी तीन-चार महिने. साहित्य: शंभर पानी वही, दोन रंगांची पेनं आणि मोकळे चार रविवार. नोकरी किंवा कॉलेज चालू ठेवायचं. घरी इतक्यात काही जाहीर करायचं नाही, आणि स्टेटसला तर मुळीच नाही.

पायरी पहिली: एकवीस दिवस नुसती नोंद

रोज रात्री झोपण्याआधी चार ओळी. आज घड्याळाकडे बघायचं कधी विसरलो? कुठलं काम दिवसभर पुढे ढकललं? कुणाचा हेवा वाटला आणि नेमका कशाचा? आज काय केलं ते कुणाला तरी दाखवावंसं वाटलं?

एक पथ्य पाळा. 'छान', 'बोअर', 'प्रेरणादायी' असली विशेषणं लिहायची नाहीत. काय घडलं तेवढंच लिहायचं. नवशिक्यांची वही बहुतेक वेळा इथेच बिघडते. डायरी म्हटलं की हात आपोआप निबंध लिहायला लागतो.

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देतो (मायक्रोमीटर म्हणजे बारीक माप घ्यायचं उपकरण, थिंबल ही त्याची फिरवायची नळी आणि रॅचेट ही जास्त आवळू न देणारी टोकाची कळ): 'सकाळी रिपोर्ट, चार वेळा उठलो. दुपारी नवीन ट्रेनी मुलाला मायक्रोमीटर शिकवला. तो थिंबल फिरवून आवळत होता, रॅचेट वापरतच नव्हता. त्यामुळे प्रत्येक रीडिंग दोन-तीन शतांश कमी. रॅचेटचे तीन टिकटिक ऐकायला लावले. मग तो म्हणाला, सर, म्हणजे मघाशी मी चांगले पीस रिजेक्ट केले. बस चुकली.'

'बस चुकली' हे दोन शब्द मी त्या रात्री वैतागून लिहिले होते. तीन आठवड्यांनी वही वाचताना दिसलं की त्या काळात कंपनीची बस माझी दोनदाच चुकली होती, आणि दोन्ही वेळा मी कुणाला तरी काहीतरी शिकवत बसलो होतो. रिपोर्टच्या दिवशी मी बसमध्ये सगळ्यात आधी चढलेला असायचो.

पायरी दुसरी: वही वाचणं

बाविसाव्या दिवशी वही घेऊन घराबाहेर जा. घरी वाचलीत तर कुणीतरी 'काय लिहितोयस?' म्हणून येणारच. मी 'सावाना'त गेलो होतो. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. तिथल्या शांततेत माणूस स्वतःच्या वहीशीही जरा खरं बोलतो.

एका रंगाने वेळेचं भान सुटलेल्या जागा अधोरेखित करा, दुसऱ्याने टाळलेल्या. मग टाळलेल्या प्रत्येक जागेपुढे तीनपैकी एक अक्षर लिहा. कामाचाच कंटाळा असेल तर 'का', माणसांचा त्रास असेल तर 'मा', पैशांची ओढाताण असेल तर 'पै'.

हे पोरकट वाटेल, पण अर्ध्या लोकांचा प्रश्न इथेच उलगडतो. माझ्या ओळखीत एकाने 'मला इंजिनिअरिंगच नको' म्हणत सगळं सोडायची तयारी केली होती. त्याच्या वहीत अठरा वेळा 'मा' आलं आणि 'का' फक्त दोनदा. त्याला दुसरा साहेब हवा होता. सातपूरमध्येच दुसऱ्या कंपनीत लागला, तेच काम करतो आणि मजेत आहे. उलट सगळीकडे 'पै' असेल, तर आत्मशोध जरा बाजूला ठेवून आधी कर्जाचं बघा. हप्ता थकलेला असताना कुणालाही स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, बँकेचा येतो.

आणखी एक शक्यता असते. एकवीस दिवसांत पहिल्या रंगाची एकही रेघ पडली नाही, झोप नाही, भूक नाही, कशातच जीव रमत नाही, तर तो वाट चुकल्याचा प्रश्न नसूही शकतो. तिथे वही थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते.

पायरी तिसरी: ही इच्छा मुळात कुणाची?

वहीच्या मागच्या पानावर तुमच्या डोक्यातली सगळी 'व्हायचंय'ची यादी करा, आणि प्रत्येकीपुढे ती पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकली ते लिहा. प्रामाणिकपणे.

आमच्याकडे नाशिकरोडला 'प्रेसमध्ये चिकटला' या वाक्याला एकेकाळी लग्नाच्या बाजारात फार भाव होता. सिक्युरिटी प्रेस किंवा नोट प्रेस, ओझरला एचएएल, नाहीतर बँक. या नोकऱ्यांनी इथल्या कित्येक घरांना छत दिलं, माझ्याही. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्रेसमधून निवृत्त झाले. त्यामुळे 'पक्की नोकरी' ही माझ्या यादीतली पहिली ओळ अण्णांची होती, आणि 'हॉटेल' ही शेवटची ओळ एका रीलची. रील बघण्याआधी मी कधी साधे पोहेसुद्धा केले नव्हते.

दुसऱ्याकडून आलेली इच्छा खोडलीच पाहिजे असं काही नाही. दिंडोरी-निफाडकडच्या बागायतदारांची मुलं 'द्राक्षात काही राहिलं नाही' हे वडिलांकडूनच ऐकत मोठी होतात आणि शहरात येतात. त्यांतल्या काहींच्या वहीत वेळेचं भान सुटलेल्या जागा सगळ्या बागेतल्या निघतात. तेव्हा शहराची ओढ कुणाची, हेही तपासावं लागतं. मालक कळला की इच्छा ठेवायची की परत करायची, हे शांतपणे ठरवता येतं.

पायरी चौथी: तीन माणसांना विचारा, पण नीट विचारा

'मी काय करू?' असं विचारलंत की समोरचा त्याचं अपुरं राहिलेलं स्वप्न तुमच्या गळ्यात बांधतो. त्याऐवजी प्रसंग मागा: 'मी एखादं काम मन लावून करताना तू शेवटचं कधी पाहिलंस?' एक जुना मित्र, एक सहकारी आणि घरातलं एक धाकटं माणूस, एवढे पुरे. धाकटं अशासाठी की त्यांना तुमची भीड नसते. माझी भाची म्हणाली, 'मामा, तू कॅरम शिकवताना खेळतच नाहीस, नुसतं शिकवतोस.'

ज्या कामाची ओढ आहे ते आधीच करणाऱ्या एकालाही भेटा. यश कसं मिळालं हे विचारू नका, गेला मंगळवार कसा गेला ते विचारा. फोटोग्राफरचा मंगळवार बहुतेक संगणकापुढे आणि पैशांच्या तगाद्यात जातो. तो मंगळवार तुम्हाला चालणार असेल तर पुढे जा.

पायरी पाचवी: चार रविवारांची चाचणी

हीच खरी पायरी. इथपर्यंतचं सगळं अंदाजाचं होतं.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथे आपण मुलांना घेऊन फिरायला जातो आणि परत येतो. पण दादासाहेब फाळक्यांची एक गोष्ट नव्याने वाट शोधणाऱ्याने नक्की माहीत करून घ्यावी. त्यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. सिनेमाचं वेड लागलं तेव्हा ते चाळिशीत होते. त्याआधी चित्रकला शिकून झाली होती, फोटोग्राफी झाली होती, पुरातत्त्व खात्यात नोकरी झाली होती, छपाईचा धंदा उभारून त्यातून बाहेर पडणंही झालं होतं. आजच्या भाषेत 'सेटल न झालेला माणूस'. विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि कॅमेरा विकत घेतला. म्हणजे जोखीम घेतलीच होती. पण पूर्ण लांबीचा चित्रपट काढायला पैसा लागणार होता आणि सावकार काही बघितल्याशिवाय तो देणार नव्हते. मग फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा त्याच्यापुढे ठेवला आणि कितीतरी दिवस थोडं थोडं चित्रण करत कोंब फुटण्यापासून वेल वाढेपर्यंतची छोटीशी फिल्म केली. ती दाखवल्यावर पैसा उभा राहिला. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला.

वाटाण्याने फाळक्यांची दोन कामं केली. सावकाराला दिसलं की या माणसाला हे येतं. आणि फाळक्यांना स्वतःला कळलं असणार की रोज त्याच कुंडीपुढे उभं राहण्याचा कंटाळा आपल्याला येत नाही. हे दुसरं माझं अनुमान आहे, पण आपल्या कामाचं तेच आहे.

माझा वाटाणा म्हणजे मखमलाबादच्या बाजूची एक मिसळ. मित्राच्या मामांची. त्यांना म्हटलं, चार रविवार फुकट राबतो, गल्ल्यावर बसवू नका, आत घ्या.

पहिल्या रविवारी पहाटे साडेतीनला उठलो. मोड आलेली मटकी धुतली आणि कांदा कापला. कांदा म्हणजे घरच्यासारखे चार नाहीत, बारा किलो. साडेसहाला पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा माझे डोळे रडून सुजले होते. दुसऱ्या रविवारी टेबलं दिली. तिथे मी रमलो. कुठून आलात, तर्री किती झेपते, पापड अजून देऊ का. मामा एकदा जवळ येऊन हळूच म्हणाले, "भाचेराव, तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलता झकास. पण तोवर मागची तीन टेबलं आपल्याकडे बघत बसलीत." तिसऱ्या रविवारी पाऊस लागला, निम्मा रस्सा उरला आणि मामांचा चेहरा बघवत नव्हता. चौथ्या रविवारी भांडीवाला आला नाही. पुढचं सांगायला नको.

चार रविवारांनी निकाल स्पष्ट होता. मला मिसळ खायला आवडते आणि माणसांशी बोलायला आवडतं. या दोन गोष्टींसाठी हॉटेल काढायची गरज नाही, रविवारी सकाळी नुसतं जाऊन बसलं तरी भागतं. पण वहीत एक नोंद अनपेक्षित निघाली. शेवटच्या रविवारी मसाला घालणाऱ्या नव्या पोराचं माप रोज चुकायचं, म्हणून मी वजनकाटा मागवला, पातेल्यानुसार मसाल्याचा तक्ता केला आणि त्याच्याकडून तीनदा मोजून घेतला. अर्धा तास घड्याळ पाहिलं नव्हतं. तो तक्ता मामांच्या भिंतीवर अजून आहे, तेलाने पिवळा पडलेला.

तुमची चाचणी ठरवताना काही गोष्टी आधीच पक्क्या करा. मुदत ठरलेली हवी. कामाची घाणेरडी बाजू त्यात आलीच पाहिजे. शक्य असेल तिथे अनोळखी माणसाकडून थोडे तरी पैसे मिळायला हवेत, कारण नातेवाईक सगळ्याला छानच म्हणतात. आणि 'काय झालं तर मी याला हो म्हणेन' हे सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवा, नाहीतर शेवटी मन सोयीचा निकाल लावतं.

नाशिकमध्ये जागा शोधायला त्रास पडत नाही. खाऊ, लोणची, शिवलेल्या पिशव्या विकायच्या आहेत? दुकान बघण्याआधी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात एखाद्या विक्रेत्या ताईंच्या शेजारी त्यांच्या परवानगीने दिवसभर बसा. घासाघीस कानावर पडू द्या. शेतीत परतायचंय? ओळखीच्या द्राक्षबागेत एप्रिलच्या उन्हात खरड छाटणीला जा, हुरडा पार्टीला जाऊन शेती कळत नाही. स्पर्धा परीक्षा? क्लासची फी भरण्याआधी मागच्या वर्षांच्या दहा प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवा आणि अकरावी उघडावीशी वाटते का बघा. पुन्हा शिकायचंय आणि नोकरी सोडता येत नाही, तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथेच आहे, गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला. नोकरी करणाऱ्यांसाठीच त्याची रचना आहे. हाताचं काम हवं असेल तर सातपूरच्या आयटीआयमध्ये स्वतः जाऊन कोणते अल्प मुदतीचे कोर्स चालू आहेत ते विचारा.

चाचणी फसली तर? माझी फसलीच की. चार रविवार गेले. तेच हॉटेल काढून कळलं असतं तर अण्णांचा पीएफ गेला असता.

पायरी सहावी: पैशांचं गणित

थोडक्यात सांगतो. किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. नोकरी सुटली की कंपनीचा मेडिक्लेमही सुटतो, हे लोक विसरतात, म्हणून स्वतःची पॉलिसी आधी काढा. हप्ते चालू असतील तर नवं काम नोकरीच्या बाजूबाजूने वाढवा, आणि नियुक्तिपत्रात बाहेरचं काम करायला मनाई आहे का ते वाचून घ्या. सोन्याला हात लावायचा नाही. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले होते हे खरं, पण तो दाखला घरी द्यायच्या भानगडीत पडू नका.

पायरी सातवी: घरी सांगणं

खरेपणाने जगायचं म्हणजे घरच्यांना दुखवावंच लागतं, असा एक समज आहे. बहुतेक वेळा दुखतं ते सांगण्याच्या पद्धतीने. 'मला हे जमणार नाही, माझं आयुष्य आहे' असं म्हटलं की आईला फक्त दाराचा आवाज ऐकू येतो. वही हातात असली की बोलणं वेगळं होतं.

मी शनिवारी संध्याकाळी डिप्लोमाच्या आणि आयटीआयच्या मुलांना मोजमापाची उपकरणं शिकवायची ठरवली. ट्रेनी म्हणून लागताना मुलं तिथेच अडतात, हे मी अकरा वर्षं बघत होतो. अण्णा पेपर वाचत होते.

"अण्णा, खालच्या खोलीत शनिवारी शिकवणी घ्यावी म्हणतो."

"आणि नोकरी?"

"ती आहेच. मार्चपर्यंत करून बघतो. दर महिन्याला किती मुलं आली, किती पैसे आले, ते तुम्हाला दाखवीन."

"मार्चनंतर?"

"आकडा बघून तुम्हीच सांगा."

पेपरमधून डोकं न काढता ते म्हणाले, "खालची ट्यूब बदलून घे. त्या उजेडात कुणाला व्हर्नियर दिसणार?"

ही होकाराची आमच्या घरातली सर्वात लांब आवृत्ती. तुमच्या घरी ट्यूबऐवजी दुसरं काहीतरी असेल. मुदत आणि आकडा समोर ठेवलात की मोठ्या माणसांना 'नाही' म्हणण्याऐवजी 'बघू' म्हणायला जागा मिळते. नकार आलाच, तर चाचणी तुमच्या रविवारात चालू ठेवा आणि सहा महिन्यांनी वही घेऊन पुन्हा बसा.

पायरी आठवी: वर्षातून दोनदा छाटणी

द्राक्षबागेत वर्षाला दोन छाटण्या होतात. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी. खरडीनंतर बाग अगदी भकास दिसते. बाहेरच्या माणसाला वाटतं मेली. पण पुढच्या हंगामाचे घड त्यानंतरच्या उन्हाळ्यातच नव्या काडीच्या डोळ्यात धरतात. तेव्हा दुर्लक्ष झालं की ऑक्टोबरनंतर कितीही खतं घाला, घड कमीच निघतात. माझे सासरे बागायतदार आहेत. त्यांनी हे सांगितलं तेव्हा ते द्राक्षाबद्दलच बोलत होते, मीच ते वहीत उतरवलं.

तेव्हापासून एप्रिलचा आणि ऑक्टोबरचा पहिला रविवार वहीचा. एप्रिलमध्ये एकच प्रश्न: काय थांबवायचं? मी पहिल्या वर्षी दोन व्हॉट्सअॅप ग्रुप, एक भिशी आणि 'हॉटेलसाठी जागा' ही फाइल छाटली. ऑक्टोबरमध्ये दुसरा: जे ठेवलंय त्याला काय लागलंय? मुलं किती, पैसे किती, मी किती वेळा कंटाळलो.

शिकवणीला आता चौथं वर्ष आहे. नोकरी अजून आहे, ती सोडायची की नाही यावर अण्णांचं आणि माझं एकमत व्हायचंय. येत्या ऑक्टोबरसाठी वहीत सध्या एवढीच ओळ आहे: 'बॅच दोन तासांची ठेवायची का? दीड तासानंतर मुलं घड्याळाकडे बघतात.'